फिलिपाईन उठावाची पहिली आरोळी : तिथि व स्थळ यांचा वाद

आमच्या वाचकांस पाठभेदांचें भय नाहीं. किंबहुना पाठभेद दिसला म्हणजे कित्येकांस आनंदच होतो. म्हणून परदेशांतील एका वादाकडे त्यांचें लक्ष वेधण्याचें धाडस करितों.

फिलिपाईन द्वीपांतील स्पॅनिश सत्तेविरुद्धचा १८९६ चा उठाव 'कातिपुनान' नामक गुप्त मंडळानें केला. हें मंडळ ७ जुलै १८९२ रोजीं मनिला येथें स्थापन झालें. आंद्रेस बोनिफासिओ हा पुढें त्याचा मुख्य झाला. १९ ऑगस्ट १८९६ रोजीं तोंदो येथील पाद्री मारिआनो गिल यास मंडळाचा सुगावा लागला, धरपकड सुरू झाली आणि बोनिफासिओ व त्याचे सोबती शहराच्या उत्तरेस कालोओकानच्या बाजूस निसटले. तेथें सभा भरली, सभासदांनीं आपले 'सेदुला' म्हणजे कराचे दाखले फाडून टाकिले व युद्धाची आरोळी दिली. येथपर्यंत बहुतेकांचें एकमत आहे. कोणत्या दिवशीं व कोणाच्या अंगणांत, असें विचारतांच साक्षीदार पांगतात.

दियास हा स्पॅनिश अधिकारी बालिन्तावाक येथें २५ तारीख सांगतो. मासांकाय हा बोनिफासिओचा स्नेही. त्यानें १९३२ सालीं आपोलोनिओ साम्सन याचें घर व २६ तारीख सांगितली. आल्वारेस याच्या १९२७ मधील आठवणींत बाहाय तोरो व २४ तारीख आहे. पण आल्वारेस हा काविते प्रांतांतील, प्रत्यक्ष पाहणारा नव्हे. बोनिफासिओची विधवा ग्रेगोरिया दे हेसूस २५ म्हणते, आणि तिचा दुसरा पति नाक्पिल २६ म्हणतो! एका घरांत दोन तिथि नांदल्या, तेथें परक्यांनीं भांडावें यांत नवल तें काय?

सर्वांत वजनदार ठरला तो डॉक्टर पिओ वालेन्सुएला. सरकारी शिक्क्याची २३ ऑगस्ट ही तिथि व 'पुगाद लाविन' (ससाण्याचें घरटें) हें स्थळ त्याच्याच शब्दावर उभें आहे. परंतु हा साक्षीदार स्वतःशींच जुळत नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत स्पॅनिश चौकशी अधिकाऱ्यांपुढें त्यानें रविवार ता. २३ पासून मंगळवार ता. २५ पर्यंत बालिन्तावाक येथें सभा झाल्याचें सांगितलें. १९११ सालीं त्यानें २३ तारीख व साम्सनचें घर सांगितलें. आठवणी लिहितांना तारीख तीच राहिली, पण स्थळ बदलून मेल्चोरा आकिनोचा मुलगा हुआन रामोस याचें अंगण व पुगाद लाविन झालें. रिझाल उठावास अनुकूल होता कीं प्रतिकूल, याविषयींही त्याची चौकशींतील जबानी व नंतरचें लेखन यांचा मेळ बसत नाहीं. कैदेच्या भयानें दिलेली जबानी संशयास्पद, हें मान्य. पण रविवार-मंगळवार खोटें सांगून त्याची मान कशी सुटणार होती? तिथीपुरती मला ती जुनी जबानीच अधिक निर्मळ वाटते.

आतां मुख्य दोष. तेओदोरो आगोन्सिलो यांनीं १९५६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत वालेन्सुएलाचा आधार घेतला. १९६३ सालीं राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांच्या जाहीरनाम्यानें २३ तारखेस मान्यता मिळाली. १९८४ सालीं केसोन शहरांत फलक बसला. ग्रंथ, जाहीरनामा, फलक, हे तीन पुरावे दिसतात खरे. पण एका पोथीवरून उतरलेल्या तीन प्रतींना कोणताही संपादक एकच साक्ष मानील. उलट, २६ तारखेच्या समजुतीनें बालिन्तावाक येथें १९११ सालीं उभारलेला पुतळा १९६८ सालीं विद्यापीठाच्या आवारांत हलविण्यांत आला. पुतळा हलविल्यानें पुरावा हलत नाहीं.

वादाचें अर्धें मूळ शब्दांत आहे. 'आरोळी' म्हणजे उठावाचा ठराव, दाखले फाडणें, कीं शिपायांशीं पहिली चकमक? ठराव एका दिवशीं व चकमक एकदोन दिवसांनंतर झाली असेल, तर २४ आणि २६ दोन्ही आपापल्या जागीं खऱ्या ठरतात. तसेंच 'बालिन्तावाक' हें नांव त्या साऱ्या टापूसही लावीत असत. तेव्हां स्थळभेद दिसतो तितका खोल नाहीं.

मिलाग्रोस गेरेरो व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९९६ सालीं २४ तारीख व मेल्चोरा आकिनोचें कोठार हा पक्ष मांडिला. त्याचें बळ एका कागदांत आहे. बोनिफासिओच्या दप्तरांतील या कागदांत २४ ऑगस्टच्या सभेच्या ठरावानुसार सेनाधिकारी नेमल्याचें म्हटलें आहे. घटनेच्या आंचेंतला असा एक कागद वृद्धांच्या दहा आठवणींहून मला अधिक मोलाचा वाटतो. मात्र बोनिफासिओच्या नांवावरील कित्येक कागद खाजगी संग्रहांतून आले असून त्यांचा पूर्ववृत्तांत तुटक आहे, असा आक्षेप ग्लेन मे यांनीं १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत घेतला. त्यांचा सूर कडवट आहे व त्यांस कडक उत्तरेंही मिळालीं. पण प्रश्न रास्त आहे. कागद कोणाकडून, केव्हां व कोणत्या स्थितींत हातीं आला, हें टिपून न ठेवणाऱ्या संग्राहकानें पुढें तक्रार करूं नये. जिम रिचर्डसन यांनीं माद्रिद येथील लष्करी दप्तरांतील कातिपुनानचे कागद २०१३ सालीं छापिले. स्पॅनिश हातीं लागून तिकडे पोंचलेल्या या कागदांमागें दप्तराची सांखळी असल्यामुळें संशयित कागदांची भाषा व लेखनपद्धति ताडून पाहण्यास ते उपयोगी पडतील.

माझ्यापुरता ठरावासाठीं २४ हा पाठ मीं स्वीकारितों, आणि २३ ची तिथि समासांत लिहितों. चकमकीची तिथि मात्र निराळी मांडावी. ती आरोळींत मिसळूं नये.