शेतकरी आत्महत्या खरंच ‘निम्म्यावर’ आल्या होत्या का?

संशोधनाची तयारी करताना आकडेवारी ‘शोधायला’ आपण लवकर शिकतो, पण तिला प्रश्न विचारायला मात्र उशिरा शिकतो. यासाठी वर्ध्यातल्या विद्यार्थ्याला लांब जायची गरज नाही. शेतकरी आत्महत्यांवरचा कुठलाही ऑनलाइन वाद उघडा.

एक बाजू म्हणते, २०१४ मध्ये शेतकरी आत्महत्या निम्म्यावर आल्या. दुसरी म्हणते, छे, उलट वाढल्या. गंमत म्हणजे दोघंही एकाच अहवालाचा दाखला देतात, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या म्हणजे एनसीआरबीच्या. आणि दोघांचेही आकडे त्या अहवालांत सापडतात!

२०१३ चा देशाचा आकडा ११,७७२. २०१४ चा ५,६५०. म्हणजे ५२ टक्के घट. पण २०१४ च्या अहवालात शेतमजुरांच्या ६,७१० आत्महत्या वेगळ्या दाखवल्या आहेत. त्या मिळवल्या की बेरीज १२,३६०, म्हणजे ५ टक्के वाढ. महाराष्ट्रात तर फरक आणखी बोलका आहे. २०१३ मध्ये ३,१४६. २०१४ मध्ये शेतकरी २,५६८ आणि शेतमजूर १,४३६, एकूण ४,००४. एका हिशेबाने १८ टक्के घट, दुसऱ्या हिशेबाने २७ टक्के वाढ.

मग बरोबर कोण? माझ्या मते कोणीच नाही. २०१३ पर्यंत ‘शेतीत स्वयंरोजगार’ असा एकच रकाना होता. २०१४ पासून जमीन कसणारा शेतकरी आणि शेतमजूर असे दोन रकाने झाले. जुन्या रकान्यात किती मजूर धरले गेले होते आणि किती दुसरीकडे गेले होते, हे त्या छापील तक्त्यांवरून सांगता येत नाही. त्यामुळे पहिली बाजू वेगळ्या मापाने मोजून घट दाखवते. दुसरी बाजू मजूर पूर्वी मोजलेच जात नव्हते की जात होते, हे न तपासता बेरीज करते. त्यात ‘इतर’ नावाचा रकानाही आहे. काही राज्यांत तो फुगल्याकडे पी. साईनाथ यांनी २०१५ मध्येच लक्ष वेधलं होतं.

आता जिल्ह्याकडे या. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. इथे आणखी एक आकडा भेटतो, तो महसूल खात्याचा. एनसीआरबीचा आकडा पोलिसांच्या नोंदींतून वर जातो. महसूलचा आकडा मदतीसाठी केलेल्या चौकशीतून येतो आणि तिथे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतं. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज होतं का, ते थकलं होतं का, हे बघितलं जातं. म्हणून ‘पात्र’ प्रकरणांची संख्या म्हणजे आत्महत्यांची संख्या नव्हे. ती मदतीच्या निकषांत बसलेल्यांची संख्या आहे. वादात मात्र कुणी एकूण प्रकरणं सांगतो, कुणी फक्त पात्र, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात.

तिसरी चूक छेदाची. यवतमाळ आणि वर्ध्याचे नुसते आकडे शेजारी ठेवून ‘वर्धा बरा’ म्हणणारे भेटतात. २०११ च्या जनगणनेत वर्ध्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख, यवतमाळची जवळपास २७.७ लाख. दुपटीहून मोठ्या जिल्ह्यात आकडा मोठा असणारच. यवतमाळचं संकट खोटं आहे असा याचा अर्थ नाही, पण तुलना दराची हवी. तो दर तरी कशावर काढायचा? पूर्ण लोकसंख्येवर, की शेती करणाऱ्यांवर? प्रत्येक पर्यायाने उत्तर बदलेल, म्हणून कोणता पर्याय का घेतला हे लिहावंच लागतं.

‘आकडे काय, कसेही वळवता येतात’ असं म्हणून हात झटकणं मला आळशीपणा वाटतो. ज्या भूमिहीन मजुराच्या नावावर सातबारा नाही, त्याचा मृत्यू कोणत्या रकान्यात पडतो यावर त्याच्या घरी मदत पोचते की नाही हे ठरू शकतं. रकाना म्हणजे इथे धोरण आहे.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये आकडा टाकण्याआधी चार गोष्टी शेजारी लिहा: कुणी मोजलं, कशासाठी मोजलं, कुणाला धरलं, आणि व्याख्या मधेच बदलली का. चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या वर्षावरून आलेखाची रेघ सरळ ओढू नका. तिथे ती तोडा आणि का तोडली ते खाली लिहा. मार्गदर्शक विचारतील तेव्हा उत्तर तयार असेल.