‘निवाडा’ : एका शब्दाचा अर्थव्यवहार

मराठीत वाद मिटविण्याची क्रिया दर्शविणारे शब्द अनेक आहेत : निकाल, निर्णय, तडजोड, समेट, तोडगा, निवाडा. कोशात ते एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. व्यवहारात मात्र त्यांची अदलाबदल होत नाही. परीक्षेचा ‘निकाल’ लागतो, ‘निवाडा’ नव्हे. ‘तडजोडी’त दोन्ही पक्ष काही सोडतात, ‘निवाड्या’त सोडणे अनुस्यूत नाही.

‘निवाडा’ हा शब्द ‘निवडणे’ या क्रियापदाच्या कुळातील आहे. धान्यातून खडे निवडावेत तसे खऱ्यातून खोटे वेगळे काढणे, ही त्यामागील मूळ कल्पना. अरबीतून आलेल्या ‘फैसला’ या शब्दाच्या मुळाशीही विलग करण्याचाच अर्थ आहे, हे साम्य लक्षणीय आहे.

मराठेशाहीतील महजर व निवाडपत्रे पाहता या निवडीची रीत स्पष्ट होते. अग्रवादी आणि पश्चिमवादी यांनी निर्णय मान्य करू, असे आधी लिहून द्यावयाचे. त्या लेखास ‘राजीनामा’ म्हणत. निर्णयानंतर हरलेला पक्ष जिंकलेल्यास ‘येजितखत’ देई. म्हणजे निवाड्याच्या दोन्ही टोकांना पक्षकारांची लेखी संमती होती. आज मराठीत ‘राजीनामा’ म्हणजे पदत्याग आणि ‘पंचाईत’ म्हणजे अडचण. संस्था लोपली की तिची परिभाषा कशी भरकटते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गोतसभेतील स्थान वतन आणि जात यांनुसार ठरत असे. तेथील संमतीला दडपणाची बाजू असणारच.

तथापि आजचा प्रशासकीय वापर वेगळाच प्रश्न उभा करतो. लवादाच्या निर्णयास ‘निवाडा’ म्हणणे परंपरेशी सुसंगत आहे. परंतु भूसंपादनात जिल्हाधिकारी मोबदला ठरवितो, त्यासही आपण ‘निवाडा’च म्हणतो. तेथे जमीन घेणारे शासन आणि रक्कम ठरविणारा शासनाचाच अधिकारी. शेतकऱ्याने राजीनामा दिलेला नसतो. १८९४ च्या कायद्याखालील असा निवाडा म्हणजे शासनाच्या वतीने केलेला केवळ देकार होय, असे न्यायालयांनीच मानले होते. २०१३ च्या कायद्याने जुना कायदा रद्द केला, पण मराठी संज्ञा तीच राहिली.

‘देकार’ आणि ‘निवाडा’ यांतील अंतर केवळ शैलीचे नाही. देकार नाकारता येतो. निवाडा झाला म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वाद संपलेला असतो. नोटीस हाती पडलेल्या शेतकऱ्यास, वाढीव मोबदल्यासाठी मुदतीत दाद मागता येते, हे या शब्दातून सूचित होत नाही. उलट, निवड पूर्ण झाली, असाच त्याचा समज होतो.

परिभाषाकारांनी शब्दाचा नेमकेपणा पाहिला, त्याच्या पोटातील संमतीची अट पाहिली नाही. जेथे पक्षकारांनी पंच मानलेला नाही, तेथे ‘मोबदला-निश्चिती’ एवढे म्हणणे पुरेसे आणि अधिक प्रामाणिक ठरेल.