चौदा वर्षांचा शिपाई आणि आईची संमती

काही ग्रंथ मिटले तरी त्यांतील नायकापेक्षा त्याची आईच अधिक काळ डोळ्यांपुढे उभी राहते. अँथनी हिल या ऑस्ट्रेलियन लेखकाचे 'सोल्जर बॉय' हे २००१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आमच्या हाती जरा उशिराच आले. किशोरांसाठी लिहिलेले हे पुस्तक आम्हांला मात्र थोरांनीच आधी वाचावेसे वाटले.

जेम्स मार्टिन ३ जानेवारी १९०१ रोजी न्यू साउथ वेल्समधील टोकमवॉल येथे जन्मला. बहिणींच्या पाठीपुढचा हा एकुलता एक मुलगा. वडील सैन्यात भरती होण्यास गेले, परंतु नाकारले गेले. तेव्हा मुलगा म्हणाला, तर मग मी जातो. आईबापांनी अडविताच त्याने धमकी दिली: परवानगी नसेल तर खोट्या नावाने जाईन आणि पत्रही पाठविणार नाही. अखेर घर वाकले. १२ एप्रिल १९१५ रोजी मेलबर्न येथे वय १८ सांगून तो भरती झाला. खरे वय चौदा वर्षे तीन महिने!

येथेच आमच्या मते ग्रंथाचे मर्म आहे. त्या देशात परदेशी लढण्यासाठी सक्तीची भरती नव्हती; १९१६ व १९१७ साली जनमत घेऊनही लोकांनी ती नाकारली. म्हणजे या पोराला आघाडीवर नेणारा कायदा कोणताच नव्हता. होती ती घरची संमती आणि आकड्याकडे डोळेझाक करणारी भरतीची कचेरी. त्या दिवशी घरात काय बोलणे झाले, याची नोंद कोठून असणार? हिल यांनी पत्रे व सरकारी कागद यांच्या आधारे संवाद कल्पिले आहेत. ही मुभा आम्ही त्यांना आनंदाने देतो. परंतु मुखपृष्ठावर 'सत्यकथा' असा शब्द असला की वाचकाने थोडे सावध राहावे. उपशीर्षकातील 'सर्वांत लहान अँझॅक' हे बिरुद तर आम्हांला खटकतेच. मुलाचे वय हा काय जिंकलेला चषक आहे?

पुढची हकीकत झपाट्याने घडते. २१ व्या पलटणीसह जून १९१५ मध्ये तो जहाजावर चढला. २ सप्टेंबरला 'साउथलंड' जहाजावर टॉर्पेडो आदळला आणि सुमारे चार तास तो समुद्रात राहिला. तरीही ८ तारखेस तो गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला. (त्याच किनाऱ्यावर आपल्या देशातील खेचरपथके पाणी व दारूगोळा वाहत होती. आपल्याकडे त्यांची आठवण फारच थोड्यांना आहे.)

त्याची मूळ पत्रे हाच या कथेतला सर्वोत्तम ऐवज होय. त्यांत शौर्याचा आव नाही. खंदकातून घरच्यांना तो सांगतो, चिंता करू नका. आणि पुन्हा पुन्हा तक्रार करतो, मेलबर्न सोडल्यापासून एकही पत्र मिळाले नाही. शेवटचे पत्र ९ ऑक्टोबरचे. पत्र न पाठविण्याची धमकी देऊन गेलेला मुलगा पत्राची वाट पाहत राहिला, या विसंगतीपुढे कोणत्याही कादंबरीकाराची कल्पनाशक्ती तोकडीच. हिल यांनी अशा ठिकाणी अधिक गप्प राहावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

विषमज्वराने तो खंगला, तरी खंदक सोडीना. २५ ऑक्टोबर १९१५ रोजी त्याला 'ग्लेनार्ट कॅसल' या रुग्णनौकेवर नेले आणि त्याच संध्याकाळी त्याची प्राणज्योत मालवली. वय चौदा वर्षे नऊ महिने. गोळी लागली नव्हती. नौकेवरील मेट्रनने आईला पत्र लिहून मुलाचे अखेरचे क्षण शांतपणे गेल्याचे कळविले. अनेक मृत्यूशय्यांजवळ बसल्यानंतर आम्ही जाणतो की अशी पत्रे लिहिणे किती अवघड असते, आणि ती किती वर्षे जपून ठेवली जातात.

देह समुद्रातच सोडण्यात आला. आज त्याचे नाव गॅलिपोलीतील लोन पाईनच्या स्मारकावर कोरलेले आहे. त्याची पत्रे कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत. कोणाच्या घरी हे पुस्तक आलेच, तर मुलाच्या हाती देण्यापूर्वी आईबापांनी भरतीचा भाग एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावा, एवढीच आमची शिफारस.