करदात्याचा हिशेब आणि शहराचा नकाशा : मुंबईच्या नागरी इतिहासलेखनावर एक आक्षेप

मुंबईच्या नागरी कारभाराचा इतिहास सांगताना १८७१ सालच्या करदात्यांच्या चळवळीस आद्यस्थान देण्याची प्रथा रूढ झाली आहे, आणि ती निराधार नाही. १८६५ च्या कायद्याने शहरकारभाराची जवळजवळ सर्व सूत्रे एका आयुक्ताच्या हाती आली. त्या पदावरील आर्थर क्रॉफर्ड हे कर्तबगार गृहस्थ होते, परंतु त्यांचा हात सैल होता. मंडया उभ्या राहिल्या, रस्ते झाले, स्वच्छतेची व्यवस्था सुधारली. त्याचबरोबर पालिकेवरील देण्याचा बोजाही वाढला. आयुक्तावर देखरेख करणे हे ज्या जस्टिसांचे काम, त्यांना खर्च होऊन गेल्यावर जाग आली. टाउन हॉलमधील सभा गाजल्या, क्रॉफर्ड गेले, आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे मंडळ अस्तित्वात आले. त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिसांनी, व १६ सरकारने नेमावयाचे असे ठरले. या कथेतून अभ्यासक सामान्यतः एकच निष्कर्ष काढतात : करदाता जागा असला म्हणजे पालिका ताळ्यावर राहते. प्रस्तुत टिपणातील आक्षेप या निष्कर्षावर आहे.

दिनशा वाच्छा यांचा १९१३ सालचा ग्रंथ आणि रुस्तम मसानी यांचा १९२९ सालचा ग्रंथ हे या विषयाचे दोन आधारस्तंभ होत. वाच्छा हे आकड्यांचे माणूस. मसानी पालिकेचे चिटणीस आणि पुढे आयुक्त. एकाची दृष्टी जमाखर्चावर आणि दुसऱ्याची घटनात्मक रचनेवर स्थिरावावी हे स्वाभाविकच होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र हीच दृष्टी प्रमाण मानली. त्यामुळे ज्या अधिकाराचा वापर रुपया खर्च न करताच करता येतो, तो अधिकार आपल्या नागरी इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिला. हा अधिकार म्हणजे भूमीच्या नियोजनाचा अधिकार.

१८७१ च्या वादात फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात या सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टरने लोकमताच्या प्रवाहाविरुद्ध सांगितले, की दोष एकट्या आयुक्ताच्या सत्तेत नसून त्याला जाब विचारणारे खरे प्रातिनिधिक मंडळ नाही यात आहे. कार्यकारी सत्ता एकाच जबाबदार हाती ठेवा, पण तिच्यावर करदात्यांनी निवडलेले मंडळ बसवा, असा त्यांचा आग्रह होता. १८८८ च्या कायद्यातील महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त ही त्रिस्तरीय रचना याच विचाराचे फलित होय. मेहतांचे निदान त्यांच्या प्रतिपक्षापेक्षा कितीतरी खोल होते, हे मान्य करावयास हवे. तथापि एका बाबतीत दोन्ही पक्ष सारखेच होते : पालिकेची सत्ता म्हणजे कर घेण्याची व पैसा खर्चण्याची सत्ता, असे दोघांनीही गृहीत धरले होते. १८७१ मध्ये ते गृहीतक खरेही होते. पुढील पंचवीस-तीस वर्षांत ते खरे राहिले नाही, आणि याची दखल आपल्या इतिहासलेखनाने घेतलेली नाही.

१८९६ साली शहरात प्लेग आला व १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या सक्तीने संपादन करावयाच्या, रस्ते काढावयाचे, उरलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनी द्यावयाचे, असे त्याचे कार्य होते. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंगा ही आजची ओळखीची मुंबई बऱ्याच अंशी ट्रस्टने आखली. ट्रस्टच्या निधीत महापालिकेला आपल्या उत्पन्नातून दरसाल भर घालावी लागे. पण विश्वस्तांमध्ये तिचे प्रतिनिधी अल्पसंख्य होते. म्हणजे १८७२ मध्ये करदात्याने जे मिळविले होते, त्यातील महत्त्वाचा भाग १८९८ मध्ये शेजारच्या कचेरीत गेला. ट्रस्टच्या हिशेबात मालकांना दिलेला मोबदला दिसतो. चाळी पाडल्यावर भाडेकरू कोठे गेले हे दिसत नाही, कारण हिशेबाच्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला व त्याची मालमत्ता तिच्याकडे आली. पण वहीचा नमुना जुनाच राहिला.

मालमत्ता खरेदीच्या बाबतीत १८८८ चा कायदा वरवर पाहता सावध आहे. कलम ९० अन्वये आयुक्ताने वाटाघाटीने जागा घ्यावयाची झाल्यास तिची किंमत स्थायी समितीने मंजूर करावी लागते. ही व्यवस्था प्रस्ताव मांडणारा एक व मंजूर करणारा दुसरा, या तत्त्वावर उभी आहे. मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने महापालिका व स्थायी समिती या दोहोंचे अधिकार वापरले, तेव्हा हे तत्त्व कागदावर शिल्लक राहिले. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, हीच १८६५ ची स्थिती होती. फरक इतकाच, की त्या वेळी निदान जस्टिसांची सभा तरी भरत असे.

परंतु खरेदीवरील देखरेख कितीही कडक केली, तरी मूळ प्रश्न सुटत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आणि विशेषतः १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने भूमी मिळविण्याची एक नवी रीत आणली. आरक्षित जागेच्या मालकाने जागा पालिकेच्या स्वाधीन करावी व रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क घ्यावेत, अशी ही योजना. व्यवहार दृष्ट लागावी इतका सुटसुटीत आहे : पालिकेच्या तिजोरीतून पैसा जात नाही, म्हणून अर्थसंकल्पात खर्च नाही आणि लेखापरीक्षकाला विचारण्यासारखा प्रश्नही नाही. मोबदला मात्र दिला जातो. तो चटईक्षेत्राच्या रूपाने दुसऱ्या एखाद्या उपनगरातील इमारतीवर चढतो, आणि तेथील रस्ते, पाणी व मलनिःसारण यांवर त्याचा भार पडतो. करदाता किंमत चुकवितो. फक्त त्याला पावती मिळत नाही.

गिरण्यांच्या जमिनींचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मध्य मुंबईतील सुमारे ६०० एकर भूमीचा हा प्रश्न होता. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरणीची जमीन विकासास काढल्यास तिचे स्थूलमानाने तीन भाग व्हावयाचे : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकाला. २००१ मध्ये राज्य शासनाने या नियमात फेरबदल केला व वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार! शहराच्या वाट्याची कित्येक एकर भूमी एका शब्दाच्या अर्थाबरोबर आटली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा फेरबदल अमान्य केला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य ठरविला. निर्णयाच्या कायदेशीर बाजूची चर्चा येथे करावयाची नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की या साऱ्या घडामोडीत पालिकेच्या जमाखर्चात एका पैचाही फरक पडला नाही. वाच्छांच्या पद्धतीने २००१ सालचा अर्थसंकल्प कितीही बारकाईने तपासला, तरी मुंबईच्या त्या दशकातील सर्वांत मोठ्या मालमत्ताव्यवहाराचा त्यात मागमूस लागणार नाही.

कलम १२७ हे याचेच दुसरे, निःशब्द रूप. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. विहित मुदतीत पालिकेने पाऊल उचलले नाही, तर आरक्षण गळून पडते. येथे काहीही न करणे हाच निर्णय असतो. केलेल्या खरेदीची चौकशी करण्याची साधने कायद्याने दिली आहेत. न केलेल्या खरेदीचा जाब कोणी, कोणत्या सभेत विचारावयाचा?

यावर असे म्हटले जाईल, की नियोजनाच्या कायद्यात हरकती व सुनावणीची तरतूद आहे आणि २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे. तरतुदी आहेत, व त्यांचा उपयोगही झाला आहे. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा नागरिकांच्या हरकतींपुढे शासनाला फेरविचारासाठी परत घ्यावा लागला, ही लहान गोष्ट नव्हे. नकाशा लोकांच्या हाती पडला की ते तो वाचतात, हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु हरकतीच्या सुनावणीत माणूस बहुधा आपल्या भूखंडापुरता बोलतो. आणि एकदा मंजूर झालेला आराखडा पुढे कलम ३७ खाली तुकड्यातुकड्यांनी बदलत जातो. त्या तुकड्यांची बेरीज कोणीच मांडत नाही.

‘करदाता’ ही संज्ञाही आता पूर्वीच्या अर्थाने वापरता येत नाही. १९४८ पासून महापालिकेच्या निवडणुका प्रौढ मतदानाने होऊ लागल्या. २०१७ मध्ये जकात गेली. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. दुसरीकडे जादा चटईक्षेत्रासाठी विकासकांकडून घेतले जाणारे अधिमूल्य हे पालिकेच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन बनले. १८७१ चा करदाता म्हणत असे, की माझा पैसा उधळला जात आहे. आजच्या रहिवाशाची तक्रार वेगळी आहे : त्याच्याकडून पैसा घेण्याऐवजी त्याच्या डोक्यावरचे आकाश विकले जात आहे, आणि त्या विक्रीची रक्कम अर्थसंकल्पात जमेच्या बाजूला, अभिमानाने, दाखविली जाते. जुन्या चष्म्यातून पाहणाऱ्यास अशी पालिका सुस्थितीत दिसेल.

म्हणून नागरी अर्थकारणावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी अर्थसंकल्पाची पुस्तके जरूर चाळावीत. परंतु त्यांच्या शेजारी राजपत्रातील कलम ३७ खालील अधिसूचना, वितरित विकास हक्कांच्या नोंदी आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडून आलेल्या पट्ट्यांची नोंदवही ठेवावी. त्यांपैकी अनेक पट्ट्यांची मुदत संपून गेली आहे, आणि शहराच्या मध्यभागातील त्या भूखंडांचे पुढे काय व्हावयाचे हा प्रश्न अद्याप एकाही प्रबंधाचा विषय झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.