‘माझी जन्मठेप’मधला समुद्र

‘माझी जन्मठेप’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, ते बहुतेक कोठडी, कोलू आणि बारीसाहेब यांच्याभोवती फिरते. बीडसारख्या, समुद्र फक्त नकाशात भेटणाऱ्या जिल्ह्यात हे पुस्तक वाचताना मला मात्र त्यातला समुद्रच अधिक जाणवतो. पोर्ट ब्लेअर ही शिक्षेची जागा होतीच, शिवाय ते आरमाराच्या बळावर राखलेले बेटही होते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एमडन’ या जर्मन क्रूझरने मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या. त्या जहाजाची चर्चा अंदमानच्या कैद्यांतही झाली, आणि सावरकरांनी ती नोंदवली आहे.

शत्रूचा शत्रू कैद्याला आपला वाटावा, हे स्वाभाविक आहे. समीक्षकाने तेथेच थांबणे मला पटत नाही. जर्मनीच्या ताब्यातही पॅसिफिकमधली बेटे होतीच. युद्ध सुरू होताच पश्चिम सामोआ न्यूझीलंडने घेतले, मारियाना आणि कॅरोलाइन जपानने. रहिवाशांना कोणी विचारले नाही. ‘एमडन’ही ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने निकामी केली. (तमिळमध्ये तिचे नाव धाडसी, बिलंदर माणसाला चिकटले.) सुटकेची आशा ज्या आरमारावर होती, तेही बेटे बळकावणाऱ्यांचेच होते. हा ताण पुस्तकात आहे. त्यावरच्या आमच्या लेखांत तो मला सापडत नाही, आणि अंदमानचे मूळ रहिवासीही.