अंबरनाथ : आतल्या बाजूने

अंबरनाथच्या शिवालयावरचे आपले लेखन बहुधा बाहेरच्या भिंतींपाशीच थांबते. मूर्ती मोजायच्या, ओळखायच्या आणि परतायचे. पण शके 982 म्हणजे इ.स. 1060चा, शिलाहार राजा मम्वाणीचे नाव सांगणारा शिलालेख उत्तर दाराच्या तुळईवर आतल्या बाजूस आहे. तो पाहायला आत जावेच लागते.

सभामंडपातले चार कोरीव खांब आणि वरचे घुमटाकार छत नजर वर नेतात. गाभाऱ्यात मात्र पायऱ्या उतरून जायचे. तिथे भिंती साध्या, उजेड मंद. हे दारिद्र्य नव्हे. वर चढलेली नजर पिंडीपाशी नमवणे हेच आतल्या कोरीव कामाचे प्रयोजन आहे, असे मला वाटते. मूर्तींच्या याद्या पुष्कळ झाल्या. हे मंदिर आता चालत वाचायला हवे.