अठरा सह्यांची कविता

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की लोक बोस्टनचा चहा काढतात, वॉशिंग्टन काढतात, १७७६ चा जाहीरनामा काढतात. मला एक कवितेचं पुस्तक काढायचं आहे. १७७३ साली ते लंडनला छापलं. बोस्टनला छापायचा प्रयत्न आधी झाला होता, पण वर्गणीदारच मिळाले नाहीत. कवयित्री फिलिस व्हीटली. सात-आठ वर्षांची पोर असताना १७६१ साली तिला आफ्रिकेतून आणून बोस्टनला विकलं. ज्या जहाजातून आणलं त्याचं नाव फिलिस, ज्यांनी घेतलं ते व्हीटली. म्हणजे नावसुद्धा तिचं स्वतःचं नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला एक दाखला आहे. या कविता या काळ्या मुलीनेच लिहिल्यात, अशी बोस्टनच्या अठरा मातब्बरांनी ग्वाही दिलीय. सह्यांत राजाचा गव्हर्नर हचिन्सन आहे आणि त्याचा कट्टर विरोधक जॉन हॅनकॉकही आहे. कर, चहा, फौज, कशावरच या दोघांचं जमत नव्हतं. एका गोष्टीवर मात्र जमलं : काळ्या पोरीच्या कवितेला गोऱ्यांचा जामीन लागतो. पुढं तीन वर्षांनी हाच हॅनकॉक जाहीरनाम्यावर सगळ्यात मोठी सही ठोकतो. सगळी माणसं समान, हे त्याच कागदावर लिहिलेलं!

आता कवितेकडं येऊ. हिची कविता इंग्रज पोपची नक्कल, यमकं ठरीव, ग्रीक देवता उसन्या, असं म्हणतात. खोटं नाही. काही ठिकाणी तर आपल्याला इथं आणलं म्हणून ती देवाचे आभार मानते. वाचताना आपलं डोकं फिरतं. पण लॉर्ड डार्टमथला लिहिलेली कविता वाचा. मला स्वातंत्र्याची ओढ कुठून आली, हे ती त्यात सांगते. मला बापाच्या कुशीतून ओढून नेलं, तिथून आली.

त्या काळची वसाहतवाल्यांची पत्रकं काढून बघा. पानोपानी गुलामी. राजाने कर लावला, आम्ही गुलाम झालो! त्यांची गुलामी हे रूपक होतं, आणि रूपक लिहिणाऱ्याच्या घरात खरा गुलाम पाणी भरत होता. फिलिसने तोच शब्द रूपकातून काढून पुन्हा हाडामांसाचा केला. उसन्या छंदात हे केलं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

१७७४ साली सॅमसन ऑकमला लिहिलेलं तिचं पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं. तोंडाने स्वातंत्र्याची आरोळी आणि हाताने दुसऱ्यावर हुकमत, हे एकत्र कसं बसतं, असं ती त्यात खोचकपणे विचारते. तोपर्यंत ती मुक्त झाली होती. म्हणजे भाषा मऊ का होती आणि कधी धारदार झाली, हे कळायला समीक्षकाने गळ्यातली साखळीही वाचायला हवी.

आणि समीक्षक कोण भेटला? थॉमस जेफरसन. जाहीरनाम्याचा लेखक, जन्मभरात सहाशेच्या वर गुलामांचा मालक. जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराचं पाप राजाच्या माथी मारलं होतं. काँग्रेसने तो मजकूरच कापला. राजा घरच्या बंडाला चिथावतो ही तक्रार मात्र शिल्लक ठेवली. व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात हाच जेफरसन म्हणतो, फिलिसला कवी म्हणता येत नाही, तिचं लिखाण टीकेच्याही लायकीचं नाही. बाईचं नावही धड लिहिलं नाही गड्याने! आधी म्हणायचं, तुम्ही लिहूच शकत नाही. लिहिलं तर, तुम्हीच कशावरून? तुम्हीच, हे सिद्ध झालं तर, ही कविताच नव्हे.

१७७९ साली तिने दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली. तेव्हा युद्ध चालू होतं. वर्गणीदार पुन्हा मिळाले नाहीत. १७८४ च्या डिसेंबरात ती बोस्टनला दारिद्र्यात मेली. हस्तलिखित आजतागायत सापडलेलं नाही. वसाहती जिंकल्या होत्या, पण गुलामी कायद्याने जायला १८६५ उजाडलं.

फिलिसच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. १७७६ च्या पराक्रमासाठी नव्हे, गुलामांना मुक्त केलं म्हणून. कुठल्या अमेरिकेला मान द्यायचा, हे जोतीरावांना नीट ठाऊक होतं.

फिलिसचं पुस्तक हातात आलं तर तो दाखला आधी वाचू नका. आधी कविता वाचा. मग त्या अठरा जणांना विचारा, तुमच्या सहीला जामीन कोण?